हॅना रोमन निघाली म्हणून वाचली

दिवाळीला गावी निघालो होतो. वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये एसटी जवळजवळ दीड तास एका जागी उभी होती. नेट चालत होतं, चार्जिंग होतं, म्हणून मोबाईलवर बिमल रॉय यांचा 'यहूदी' (१९५८) लावला. कारण आमचे वडील. विहिरीवरची मोटार चालू करायला जाताना ते मुकेशचं एक गाणं गुणगुणतात. शैलेंद्रला गीतकाराचा पहिलावहिला फिल्मफेअर मिळवून देणारं ते गाणं. ते या सिनेमातलं आहे, हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं.

खरं सांगायचं तर मी हसायच्या तयारीने बसलो होतो. रोमन राजपुत्राच्या वेशातला दिलीप कुमार, पुठ्ठ्याचे वाटावेत असे खांब आणि त्या खांबांखाली अस्सल उर्दू बोलणारे रोमन. पहिली दहा मिनिटं हसलोही. शिरूर येईपर्यंत हसू गेलं होतं. सुप्याच्या पुढे मी सिनेमा थांबवून खिडकीबाहेर बघत होतो, कारण मला २०१४ सालातली एक संध्याकाळ आठवत होती आणि ती आठवायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

पुढे सिनेमाचा शेवट सांगितला आहे. साठ वर्षांहून जुन्या सिनेमाला स्पॉयलर अलर्ट द्यावा का माहीत नाही, पण दिला.

गोष्ट

गोष्ट सुरू होते एका दगडाने. रोमचा अधिकारी ब्रूटस याची मिरवणूक चाललेली असते आणि ती बघणाऱ्या एका ज्यू पोराच्या हातून दगड निसटून ब्रूटसला लागतो. पोराचा बाप एझरा गयावया करतो. उपयोग होत नाही. पोराला मृत्युदंड मिळतो. एझराचा नोकर सूड म्हणून ब्रूटसची लहान मुलगी पळवून आणतो. एझरा तिला मारत नाही, वाढवतो. ती ज्यू म्हणून मोठी होते. तीच हॅना, म्हणजे मीना कुमारी.

राजपुत्र मार्कसला हॅना आवडते. रोमन म्हणून तिच्या दारात उभं राहता येणार नाही हे त्याला माहीत असतं, म्हणून तो ज्यू बनून तिच्या घरी येतो. खरं बाहेर पडतं तेव्हा एझरा एकच अट घालतो: आमचा हो, मग लग्न कर. मार्कसला ते जमत नाही. तिकडे राजकन्या ऑक्टेव्हियाशी त्याचं लग्न ठरलेलं असतं. हॅना भर दरबारात राजपुत्राविरुद्ध फिर्याद मांडते. रोमन आणि ज्यू यांना कायदा एकच आहे का, असा तिचा सवाल आहे. बादशहा न्यायी निघतो, मार्कसला शिक्षा सुनावतो. मग ऑक्टेव्हिया हॅनाकडे पदर पसरते. हॅना फिर्याद मागे घेते. आणि आता राजपुत्रावर खोटा आळ घेतला म्हणून हॅना आणि एझरा यांनाच मृत्युदंड होतो. शिक्षा देणारा तोच ब्रूटस.

शेवटच्या क्षणी एझरा गुपित फोडतो: ही तुझीच मुलगी आहे. हॅना वाचते. तिचा मृत्यू बघवणार नाही म्हणून मार्कसने तोवर स्वतःचे डोळे घालवलेले असतात.

ही गोष्ट बिमल रॉय यांची नाही. आगा हश्र काश्मिरी यांचं 'यहूदी की लडकी' हे पारशी रंगभूमीवर गाजलेलं नाटक, त्यावर १९३३ मध्ये न्यू थिएटर्सने कुंदनलाल सैगलला घेऊन सिनेमाही केला होता. त्याच्याही मागे, एका इंग्रजी नाटकाच्या वाटेने गेलं, तर आपण पॅरिसला पोचतो. १८३५ सालचा 'ला ज्यूव्ह' हा ऑपेरा. संगीतकार आलेव्ही स्वतः ज्यू. त्या ऑपेरात शेवट वेगळा आहे. तिथे मुलगी उकळत्या कढईत पडते आणि मगच म्हातारा सांगतो की ही तुझी होती. तिथे गुपिताने कोणी वाचत नाही. मारणाऱ्याला आपण काय केलं ते कळतं, एवढंच.

आपण तिला वाचवली. हा बदल मला बराच वेळ चांगला वाटत होता.

खोटं नाव घेतलेला राजपुत्र

'यहूदी'त खलनायक ब्रूटस आहे, पण सिनेमा कळायचा असेल तर नजर मार्कसवर ठेवावी. मार्कस ज्यूंचा द्वेष करत नाही. तो एझराच्या घरी येतो, बसतो, बोलतो. त्या घरातल्या मुलीवर त्याचं खरंच प्रेम आहे. दिलीप कुमार हे प्रेम इतकं हळू आवाजात करतो की आजूबाजूचा नाटकी थाट विसरायला होतो. पण हे सगळं खोट्या नावाने चालतं. खऱ्या नावाला सिंहासन चिकटलेलं आहे. ते नाव त्याने आत आणलं तर घर जाईल आणि घर बाहेर आणलं तर सिंहासन जाईल. मग तो दोन्ही ठेवतो आणि 'नंतर सांगू' म्हणतो.

सत्तेची हाव म्हटलं की आपल्याला कट, विष, तलवार असलं काहीतरी आठवतं. मार्कसची हाव अशी दिसतच नाही. ती 'आत्ता नको' या शब्दांत राहते. शेवटी तो स्वतःचे डोळे देऊ शकतो, पण सुरुवातीलाच आपलं खरं नाव सांगणं मात्र त्याला जमत नाही. डोळे देण्यात थोरपणा आहे, लोक रडतात. वेळेवर बोलण्यात नुसती अडचण असते.

एझराचं काम सोहराब मोदींनी केलं आहे. 'पुकार'मध्ये जहांगीरच्या न्यायाची गोष्ट सांगणारा हा माणूस इथे न्याय मागणाऱ्याच्या जागी उभा आहे. त्यांचा तो घुमणारा आवाज आजच्या कानाला जड जातो. पण पोरासाठी गुडघे टेकलेला बाप आणि त्याच ब्रूटसला पोरीसाठी तडफडायला लावणारा बाप हे एकाच आवाजात करायचं, तर तेवढा मोठा आवाज लागतोच.

एक गोष्ट मात्र खटकते. हा सिनेमा मुंबईत तयार झाला. त्याच मुंबईत मराठी बोलणारे हजारो ज्यू राहत होते. कोकणात तेलघाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायल. पेणकर, दिवेकर, चेऊलकर अशी आडनावं. समाज म्हणून त्यांना इथे कोणी छळलं नाही, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरंही आहे. पण पुढचं सांगत नाही. त्यांच्यातही 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असा भेद होता. आई बाहेरची असेल तर पोर काळ्यांत. म्हणजे छळ आपण दिला नाही, जात मात्र दिली. 'यहूदी'च्या पडद्यावर या माणसांचा मागमूस नाही. 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा आठवतात? ते डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मराठी ज्यू नट ख्रिश्चन चाचा म्हणून अजरामर झाला आणि ज्यू बापाची भूमिका पारशी सोहराब मोदींनी केली. यात तक्रार नाही, नटाचं कामच ते. पण 'ज्यू' म्हणजे दूर रोममधलं कोणीतरी, असं एकदा ठरलं की सगळं सोपं होतं. प्रेक्षकाला रडताही येतं आणि घरी जाऊन काही बदलावंही लागत नाही.

नगरची छावणी

दूरचं रोम किती जवळ होतं, ते मला नंतर वाचताना कळलं.

शाळेत असताना आम्हाला भुईकोट किल्ला दाखवायला नेलं होतं. नेहरू १९४२ ते १९४५ इथे कैदेत होते, इथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, ही खोली. हे नगरच्या प्रत्येक पोराला पाठ असतं. पण १९३९ च्या सप्टेंबरमध्ये महायुद्ध सुरू झालं, तेव्हा हिंदुस्थानातल्या जर्मन पुरुषांना धरून ब्रिटिशांनी नगरच्याच छावणीत आणलं होतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यात हिटलरचे समर्थक होते आणि हिटलरपासून जीव वाचवून पळून आलेले ज्यूही होते. जर्मनीने त्या ज्यूंच्या पासपोर्टवर लाल रंगात 'जे' हे अक्षर मारलं होतं, म्हणजे हे आमचे नव्हेत. ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याच पासपोर्टवर 'जर्मन' वाचलं, म्हणजे हे शत्रू. मारायला निघालेले आणि मरणातून निसटलेले एकाच कुंपणात. नंतर चौकशी समिती नेमून अनेक ज्यूंना सोडण्यात आलं.

मी दिवसभर डेटाबेसवर काम करतो. एका रकान्यावर सगळा निर्णय टाकला की असंच होतं. रकान्यात जे भरलंय तेच माणूस.

त्याच धरपकडीत बॉम्बे टॉकीजचा जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यालाही 'कंगन'चं शूटिंग चालू असताना अटक झाली. हा ऑस्टेन म्हणजे 'अछूत कन्या'चा (१९३६) दिग्दर्शक. दलित मुलगी आणि ब्राह्मण मुलगा यांच्या प्रेमाचा, त्या काळातला धाडसी सिनेमा. आणि त्याच १९३६ साली ऑस्टेन नाझी पक्षाचा सदस्य झाला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. हे वाचून मला धक्का बसायला हवा होता. बसला नाही. असा माणूस मी घरातच पाहिलेला आहे.

मागे घेतलेली फिर्याद

२०१४ च्या एप्रिलमध्ये आमच्या जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात, एका १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलला, एवढं कारण सांगितलं जात होतं. तोवर खर्डा आम्हाला १७९५ च्या लढाईसाठी माहीत होतं. मीही तेव्हा १७ वर्षांचाच होतो. बारावीचं वर्ष, क्लास चालू. आम्ही मराठा, शेती बरी, गावात शब्द आहे.

आमचे तात्या, माझे चुलते, तेव्हा पक्षाचं काम करायचे. पुढच्या निवडणुकीत जिल्हा परिषदेचं तिकीट मिळेल अशी चर्चा होती. तात्यांचा लहानपणापासूनचा एक दोस्त आहे, आमच्याच गावच्या वस्तीवरचा. तात्या त्याच्या घरी जेवतात, मीही त्यांच्याबरोबर जेवलो आहे. घरी आजीला मात्र 'बाहेर खाल्लं' असं सांगायचं, हा आमचा अलिखित नियम.

खर्ड्याच्या घटनेनंतर तालुक्याच्या गावी शोकसभा होती. त्या दोस्ताने तात्यांना यायला सांगितलं. "भाषण नको करू, नुसता येऊन बस." तात्या हो म्हणाले. संध्याकाळी मी त्यांना मोटारसायकलवर घेऊन गेलो. सभेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. पुलाच्या कठड्यावर बसले. माईकचा आवाज ऐकू येत होता. त्यांनी एक फोन घेतला, नुसतं "हो, हो" म्हणाले. मग दहा मिनिटांनी उठले. "चल माघारी. आत्ता नको."

मी एक शब्द बोललो नाही. उलट मला बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी टेस्ट होती.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल लागला. अनेक साक्षीदार फितूर झाले होते आणि न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. होस्टेलवर एका मित्राने विचारलं, "तू नगरचा ना? खर्डा तिकडेच ना?" मी म्हणालो, "आमच्या गावापासून लांब आहे ते." खरंच लांब आहे. चाळीसेक किलोमीटर.

'यहूदी'त हॅना फिर्याद मागे घेते तेव्हा मला हे सगळं आठवलं. सिनेमा तो प्रसंग त्याग म्हणून रंगवतो. मीना कुमारीचा चेहरा, ऑक्टेव्हियाचे अश्रू, मागचं संगीत. पण नीट बघा, तिथे काय चाललंय? राजपुत्राचा जीव, राजकन्येचं कुंकू, राज्याचं भवितव्य हे सगळं वजन एका ज्यू मुलीच्या एका वाक्यावर टाकलं आहे आणि तिला सांगितलं आहे की आता तू ठरव. याला मी त्याग म्हणायला तयार नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच समजुतीने घ्यावं, हा तो जुना आग्रह. आणि तिने समजुतीने घेतल्यावर कायदा तिलाच धरतो. हा भाग मात्र सिनेमाने अगदी अचूक लिहिलाय. दरबारात 'कायदा सर्वांना एकच' ही घोषणा झालेली असते. ती खोटी पाडायला कायदा बदलावा लागत नाही. बोलणाऱ्याला गप्प केलं की पुरतं.

रक्त

मग येतो शेवट. हॅना का वाचते?

ती निर्दोष आहे म्हणून नाही. कायदा चुकला म्हणून नाही. एझराचं पोर मारलं गेलं होतं, त्याची भरपाई म्हणून तर नाहीच. ती वाचते कारण ती रोमन निघते. तीच जर खरोखर एझराची मुलगी असती, तर ब्रूटसचा हात थांबला नसता आणि थिएटरमधल्या कोणालाही त्याचं आश्चर्य वाटलं नसतं.

याचा दुसरा अर्थही लावता येतो आणि तो मी मान्य करतो. ब्रूटस आपल्या पोटच्या पोरीला ओळखू शकला नाही, म्हणजे जन्माची काही खूण नसतेच. ज्यू घरात वाढली म्हणून ती ज्यू झाली. द्वेषाला तोंडघशी पाडायला हे पुरेसं आहे. ऑपेराने ते तसं पाडलंही होतं, मुलगी मेल्यावर. पण 'यहूदी' हे सत्य हातात घेतो आणि त्याचा उपयोग सुटकेचा दाखला म्हणून करतो. जन्माला किंमत नाही हे सिद्ध करणारी गोष्टच शेवटी जन्माच्या दाखल्यावर सुटते.

मला वाटतं, बिमल रॉय यांना हे खुपलं असावं. हा माझा अंदाज आहे, पण त्यांचा पुढच्या वर्षीचा सिनेमा बघा. १९५९ चा 'सुजाता'. पुन्हा दुसऱ्याच्या घरात वाढलेली मुलगी. ब्राह्मण कुटुंबात वाढलेली दलित सुजाता, म्हणजे नूतन. हिंदी सिनेमाच्या सवयीप्रमाणे शेवटी ती कोणा उच्चकुलीनाची हरवलेली लेक निघायला हवी. ती निघत नाही. जी आहे तीच राहते आणि तिचं लग्न अधीरशी होतं. फक्त त्याआधी तिला रक्त द्यावं लागतं. जिने तिला कधी मनापासून लेक म्हटलं नाही, त्या आईचा जीव सुजाताच्या रक्ताने वाचतो.

म्हणजे १९३६ मध्ये 'अछूत कन्या' मरते. १९५८ मध्ये ती रोमन निघते. १९५९ मध्ये ती स्वतः राहून जगते, पण बाटलीभर रक्त देऊन. प्रत्येक वेळी एक पाऊल पुढे आणि प्रत्येक वेळी किंमत तिच्याच खिशातून.

मग २०१४ च्या फेब्रुवारीत नागराज मंजुळेंचा 'फँड्री' आला. खर्ड्याच्या अवघे अडीच महिने आधी. मंजुळे करमाळ्याचे, तो तालुका आमच्या जिल्ह्याला लागूनच. 'यहूदी' दगडाने सुरू होतो आणि 'फँड्री' दगडाने संपतो. तिथे पोराच्या हातून दगड चुकून निसटतो आणि त्याचा जीव जातो. इथे जब्या तो नेम धरून मारतो, थेट आपल्याकडे. त्याच्याकडे गुपित नाही, कुणाला द्यायला रक्त नाही, मागे घ्यायला फिर्याद नाही. मी तो सिनेमा नगरला थिएटरमध्ये पाहिला होता. दगड आला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या. तो आपल्याला लागला आहे असं तेव्हा वाटलं नाही.

मग बरं झालं

'यहूदी' बघा असं मी सांगेन. पहिली दहा मिनिटं हसा, चालेल. सोहराब मोदींना थोडा वेळ द्या. आणि मार्कसला माफ करायची घाई करू नका. सिनेमा तुम्हाला ती घाई करायला लावतो, कारण तो आंधळा झालेला असतो आणि दिलीप कुमार असतो.

तात्यांना तिकीट मिळालंच नाही. सोडतीत आमचा गट महिलांसाठी राखीव निघाला. त्यांचा तो दोस्त अजून त्यांचा दोस्त आहे. दिवाळीत फराळाचा डबा तिकडे जातो, तिकडून इकडे येतो. त्या संध्याकाळबद्दल दोघं बोलले आहेत का, मला माहीत नाही.

या दिवाळीत ओट्यावर बसून मी तात्यांना 'यहूदी'ची गोष्ट सांगितली. त्यांनी लक्ष देऊन ऐकली. त्यांना सोहराब मोदी आठवत होते. शेवटाजवळ आलो तेव्हा त्यांनीच विचारलं, "म्हणजे ती पोरगी त्यांचीच निघाली का?"

"हो."

"मग बरं झालं," तात्या म्हणाले आणि चकलीचा तुकडा मोडला.

ती त्यांची नसती तर, असं मला विचारायचं होतं. तेव्हाही मी विचारलं नाही.